निघून राह्यला

रामराव ढुमणे यांना लढाईचा भारी शौक. स्वतः त्यांनी जन्मात कुणाच्या थोबाडीत मारली नव्हती, बैलावरही चाबूक हवेतल्या हवेतच फिरवायचे, पण टीव्हीवरच्या लढाईत त्यांचा हात धरणारा अख्ख्या गावात कोणी नव्हता.

राळेगावच्या अलीकडे फाट्यावर उतरून कापसाच्या वावरांमधून आत गेलं की त्यांचं गाव लागतं. गावाच्या तोंडाशीच फकिराचा पानठेला, आणि पानठेल्यात फळीवर बसवलेला टीव्ही. घरी रामरावांचा चांगला मोठा टीव्ही होता, पण एकट्यानं लढाई पाहण्यात काय मजा? म्हणून रोज संध्याकाळी ‘सातचा आखाडा’ सुरू व्हायच्या आत ते फकिराच्या बाकावर हजर असत. आखाड्यात एका बाजूला एक निवृत्त कर्नलसाहेब बसायचे आणि दुसऱ्या बाजूला आयुष्यभर परदेशातल्या वकिलातींमध्ये काम करून आलेले एक बारीक आवाजाचे गृहस्थ. जगात कुठेही काहीही झालं की कर्नल म्हणायचे घुसून मारा, आणि गृहस्थ म्हणायचे बसून बोला. मधला सूटवाला निवेदक दोघांनाही बोलू द्यायचा नाही.

रामराव अर्थातच कर्नलच्या पार्टीत. “बोलून कोणाचं भलं झालं बे, फकिरा? ठोका लेकाच्याईले!” असं म्हणून ते मांडीवर थाप मारत. फकिरा मान हलवत पानाला चुना लावत राही. गिऱ्हाइकाच्या मताला विरोध करून पानठेला चालत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मग ऋतिकचं जहाज धरलं गेलं, आणि सगळंच फिरलं.

ऋतिक हा रामरावांचा एकुलता एक मुलगा. ढुमण्यांच्या घराण्यात समुद्र पाहिलेला तो पहिलाच माणूस. त्याआधी त्या घराण्यानं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे वर्धा नदीचा पूर. मुंबईला जाऊन शिकला, मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागला, आणि दर सुटीत घरी येऊन गावच्या पोरांना बंदरांचे फोटो दाखवू लागला. यंदा कपाशीच्या पऱ्हाटीला फुलं धरली होती त्या दिवसांत त्याचं जहाज दूरच्या एका सामुद्रधुनीतून चाललं असताना तिथल्या देशाच्या आरमारानं अडवलं आणि आपल्या बंदरात नेऊन बांधून ठेवलं. भांडण देशादेशांचं होतं, जहाजावरच्या पोरांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्या देशाचं नाव रामरावांच्या जिभेवर बसत नसे. ते आपले ‘तथले लोक’ म्हणायचे.

आता आखाड्यात रोज ऋतिकच्याच जहाजावर भांडण रंगू लागलं. पहिल्याच संध्याकाळी कर्नल गरजले, “त्या जहाजाचा कोळसा झाला तरी चालेल, पण धडा शिकवा!” फकिराच्या बाकावरची सगळी माणसं एकदम रामरावांकडे पाहू लागली. फकिरानं गुपचूप चॅनल बदलून गाणी लावली. रामराव उठले, ‘येतो’ म्हणाले आणि घरी गेले. त्यानंतर ते घरीच आखाडा पाहू लागले, तोही आवाज बारीक करून. कर्नल ओरडू लागले की ते उठून पाणी प्यायला जायचे. त्या बारीक आवाजाच्या गृहस्थांचं बोलणं सुरू झालं की ते रिमोट हातात घेऊन आवाज वाढवायचे. पार्टी बदलली होती, पण ते कुणाजवळ कबूल करायची त्यांची छाती होत नव्हती.

इंदूबाईंना या कुस्तीत रस नव्हता. त्यांची लढाई शब्दांशी होती. दिवेलागणीला घरात वाईट बोलायचं नाही, वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, हे तर लहानपणापासून त्यांच्या अंगात भिनलेलं. पण जहाज धरलं गेल्यापासून त्यांनी पहाराच बसवला. घरात काही ‘संपायचं’ नाही, मीठ असो की तेल असो, ‘वाढलं’ म्हणायचं. कुणी ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. ‘अडकला’ हा शब्द तर घरातून हद्दपारच झाला. एकदा रामराव सहज म्हणाले, “सदऱ्याची गुंडी अडकली,” तर इंदूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी सदराच काढून ठेवला.

वेचणी सुरू झाली. ओसरीत कापसाचा ढीग चढू लागला. आणि एका दुपारी मुंबईहून फोन आला. ऋतिकच्या कंपनीतल्या भैरवी मॅडम होत्या. जहाज धरल्यापासून घरच्यांशी बोलायचं काम त्यांच्याकडे होतं.

“काका, नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “दोन्ही सरकारांचं जमलंय. आज संध्याकाळी सगळ्या मुलांना जहाजावरून उतरवून विमानतळावर नेतील. पण तिकडच्यांची एक अट आहे. विमान उडेपर्यंत बाहेर एक अक्षर जायला नको. आपण नमलो असं त्यांना त्यांच्या लोकांपुढे दिसू द्यायचं नाहीये. टीव्हीवर बातमी फुटली तर ते मुलांना गाडीतून परत जहाजावर चढवतील. म्हणून कुणालाही काही बोलू नका. अगदी कुणालाही.”

रामरावांनी ‘व्हय व्हय’ म्हणून फोन ठेवला. इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. दोघं ओसरीत कापसाच्या ढिगाजवळ मुकाट बसून राहिली. आनंद करायची चोरी होती.

आणि मग रामरावांना आठवलं, की आज संध्याकाळी आपल्याला ‘सातच्या आखाड्यात’ बोलायचं आहे. जहाजावरच्या पोराचा बाप म्हणून चॅनलवाल्यांनी आदल्याच दिवशी त्यांना पक्कं केलं होतं.

“नाई म्हणा त्याईले,” इंदूबाई म्हणाल्या.

“आता नाई म्हटलं त त्याईले संशय नाई येईन का? म्हणतीन, बुढा काल राजी होता, आज काहून मुका झाला?”

“अन् तुमी बोलता बोलता बोलून टाकलं त?”

“मी काय लहान लेकरू हावो का? एकच वाक्य बोलतो. ‘सरकारवर माझा पूर्ण विश्वास आहे.’ बस. शुद्ध भाषेत.”

यात अर्धा भाग शहाणपणाचा होता. उरलेला अर्धा दोरीवर टांगलेल्या कडक इस्त्रीच्या सदऱ्याचा होता.

दिवेलागणीला यवतमाळहून चॅनलचा बातमीदार आला. सलील त्याचं नाव. यवतमाळच्या वकिलांच्या घरातला सडपातळ, सभ्य पोरगा. कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, रामरावांच्या कानात ऐकायचं यंत्र घातलं, सदऱ्याला माईक लावला आणि त्यांना कापसाच्या ढिगासमोर खुर्ची दिली. इंदूबाईंनी देवाजवळ दिवा लावला आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. सात वाजायला आले असताना त्यांच्या फोनवर ऋतिकचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला, घाईघाईतला. “आई, गाडीत बसून राह्यलो आमी. निघून राह्यलो.” इंदूबाईंनी तो कानाला लावून ऐकला, खुर्चीजवळ जाऊन रामरावांच्या मोकळ्या कानाला लावला, आणि फोन कमरेला खोचून परत चौकटीपाशी गेल्या. सलील तेव्हा तारा जोडत होता.

आखाडा सुरू झाला. रामरावांना चित्र दिसत नव्हतं, नुसते आवाज कानात. कर्नल आज भलतेच तापले होते.

“आज रात्री! उजाडायच्या आत ते बंदर भाजून काढा! किती दिवस बोलत बसणार?”

“अहो, बोलणी सुरू असताना असं ओरडायचं नसतं,” बारीक आवाजाचे गृहस्थ म्हणाले. “मुलं तिथे आहेत.”

“थोडंफार नुकसान सोसावंच लागतं!”

थोडंफार, रामरावांच्या मनात आलं. म्हणजे कोण? पण त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“आपण थेट यवतमाळला जाऊ!” निवेदक ओरडला. “आपल्यासोबत आहेत रामरावजी ढुमणे. रामरावजी, ठोकायचं की बोलायचं?”

रामरावांनी घसा खाकरला. “सरकारवर माझा पूर्ण विश्वास आहे.”

छान झालं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. इंदूबाईंनी चौकटीतून मान डोलावली. इथेच कार्यक्रम संपला असता तर बरं झालं असतं. पण निवेदकाचं पोट एका वाक्यानं भरणारं नव्हतं.

“विश्वास ठीक आहे, पण बाप म्हणून तुमचं काळीज काय सांगतं?”

“मी सांगतो!” मध्येच कर्नल कडाडले. “हे माझ्या बाजूचे आहेत! मी या वीरपित्याला इथूनच सलाम करतो!”

वीरपिता. कर्नलसाहेब मानानंच म्हणाले असतील. पण वीरपिता कुणाला म्हणतात हे रामरावांना ठाऊक होतं. ज्याचं पोर तिरंग्यात गुंडाळून येतं, त्या बापाला म्हणतात. आणि हा माणूस देवाजवळचा दिवा तेवत असताना, गावासमोर, जगासमोर, त्यांना तसं म्हणत होता. शुद्ध भाषा गेली, इस्त्रीचा सदरा गेला, भैरवी मॅडम गेल्या. रामराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

“ओ कर्नलसाहेब! तोंड सांभाळा! वीरपिता कायले म्हणता मले? माहं पोरगं जितं हाये! अन् कायले बाम टाकता तथी? माहा पोरगा तथून निघून राह्यला!”

बोलून गेल्यावर कळलं. तोंडातून निघालेलं परत गिळता येत असतं, तर त्यांनी त्या क्षणी सगळा कापूसही गिळला असता. विमान अजून उडालं नव्हतं. रामरावांना वाटलं, झालं. गाडी वळली. आपणच वळवली.

“एक मिनिट, एक मिनिट!” निवेदकाचा आवाज आला. “काय म्हणालात? निघून... राहिला? म्हणजे निघायचं राहिलं? तुमचा मुलगा तिथेच राहिला?”

वऱ्हाडात माणूस जेवून राह्यला म्हणजे त्याचा घास तोंडात असतो, आणि निघून राह्यला म्हणजे त्याचे पाय उंबऱ्याबाहेर पडलेले असतात. हे यवतमाळ जिल्ह्यातल्या दुधपित्या पोरालाही कळतं. पण मुंबईच्या कानाला राहिला म्हणजे राहिला, मागे राहिला. देवानं भिंतीला भोक पाडून वाट दिली होती. रामरावांनी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

पण ते ‘हो’ येईना. ज्या घरात मीठसुद्धा संपत नव्हतं, त्या घरात, दिवा लागलेला असताना, बापानं आपल्या तोंडानं म्हणायचं की हो, माझा मुलगा तिथेच राहिला? वास्तू ‘तथास्तु’ म्हणाली म्हणजे? रामरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. “रामरावजी? रामरावजी, ऐकताय ना?” निवेदक कानात टोचत होता.

तेवढ्यात चौकटीतून इंदूबाई पुढे आल्या. निवेदकाचा प्रश्न आतल्या खोलीत लावून ठेवलेल्या टीव्हीवरून त्यांनाही ऐकू आला होता. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी एक अभद्र अक्षर तोंडातून काढलं नव्हतं.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “राह्यला माहा पोरगा. तथीच राह्यला.”

आणि त्या रडू लागल्या. ते रडणं मात्र अगदी खरं होतं.

“हे आईचे अश्रू!” निवेदक किंचाळला. टीव्हीच्या पडद्यावर खाली लाल पट्टी धावू लागली, ‘यवतमाळचा मुलगा तिथेच राहिला?’ प्रश्नचिन्हासकट. “सलील, तू तिथेच आहेस. नेमकं काय घडलंय? सांग आम्हाला!”

सलीलनं माईक तोंडाशी धरला. यवतमाळचा पोरगा तो. निघून राह्यला म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. सगळी मुलं सुटलीत, ही बातमी त्या घडीला अख्ख्या देशात फक्त त्याच्या हातात होती. एक वाक्य बोलला असता तर दुसऱ्या दिवशी मुंबईच्या ऑफिसात खुर्ची मिळाली असती. रामराव त्याच्याकडे पाहत होते. हात जोडायचंही त्यांना सुचलं नाही.

“कुटुंब बोलण्याच्या मनःस्थितीत नाही,” सलील म्हणाला. “आवाजही तुटतोय. हॅलो? हॅलो?” आणि त्यानं खाली वाकून तार उपसली.

सलील तारा गुंडाळू लागला.

“सलीलभाऊ...” रामराव कसेबसे म्हणाले.

“मले काहीच ऐकू नाई आलं, काका,” तो मान वर न करता म्हणाला. “चहा भेटन का थोडा?”

चहा पिऊन सलील गेला. इंदूबाई देवापुढे बसल्या. दोन्ही कान धरून त्या पुटपुटत होत्या. रामराव त्यांच्याजवळ जाऊन बसले.

“माह्या तोंडानं म्हटलं मी,” त्या म्हणाल्या. “दिव्यासमोर म्हटलं.”

“तू नसतं म्हटलं त माहं बोलणं त्याईले समजलं असतं. मंग काय झालं असतं?”

“अन् वास्तूनं ऐकलं असन त?”

रामरावांनाही तीच धास्ती होती. पण बायकोपुढे तसं बोलून चालणार नव्हतं. “ऐकू दे. वास्तू काय मुंबईची हाये? अथलीच हाये ते. माहं बी ऐकलं तिनं, तुहं बी ऐकलं. कोण कायले बोललं, तिले समजते.”

इंदूबाईंना रडता रडता थोडंसं हसू आलं. पण कान त्यांनी सोडले नाहीत.

मुंबईला कळलं नव्हतं हे खरं. पण वऱ्हाडातही घरोघरी टीव्ही आहेत, हे रामरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते ध्यानात आलं, आणि त्यांना नव्यानं घाम फुटला. पहिला आला फकिरा. पानठेला उघडा टाकून आला होता, हातात पानाचा पुडा.

“काही नाई, सहज आलतो,” तो म्हणाला. “उद्या कापूस वेचाले बाया भेटल्या का?”

फकिराला आयुष्यात कापसाशी देणंघेणं नव्हतं. मागून शेजारचा धावजी आला, सहज. त्याच्या मागून तुळसाबाई आली, तिला विरजण हवं होतं. घटकाभरात अंगण भरलं. यंदा तुरीला शेंगा बऱ्या लागल्या, राळेगावची बस आज उशिरा आली, थंडी पडून राह्यली, असल्या गोष्टींवर सगळे तावातावानं बोलत होते. ऋतिकचं नाव कुणी काढेना. सगळ्यांचे डोळे मात्र हसत होते. ढाणकीहून इंदूबाईंच्या भावाचा फोन आला. “टीव्ही पाह्यला,” तो म्हणाला. “मी काहीच बोलून नाई राह्यलो. ठेवतो.” मारेगावच्या बहिणीनं तर फोन करून नुसतंच “बरं हाये ना सगळं? हाये ना? बस मंग,” म्हटलं आणि ठेवून दिला. अख्खा जिल्हा तोंडात गुळणी धरून बसला होता.

आणि तेवढ्यात भैरवी मॅडमचा फोन आला. रामराव फोन घेऊन गोठ्याकडे पळाले. इंदूबाई मागोमाग.

“काका, काय केलंत हे?” मॅडम इतक्या चिडल्या होत्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. “तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं ना मी?”

“चुकलं मॅडम,” रामराव म्हणाले. “गाडी परत फिरवली का त्याईनं?”

“गाडी? गाडीचं काय? तुमचा मुलगा तिथेच राहिला, असं तुम्हाला सांगितलं कुणी? टीव्हीवर पट्टी चालली आहे! बाकीच्या मुलांच्या आईबापांनी फोन करकरून माझा जीव खाल्लाय! काहीही काय बोलता? कोणीही मागे राहिलेलं नाही! सगळीच्या सगळी मुलं विमानतळाच्या आत पोचलीत, ऋतिकसुद्धा! मी स्वतः बोलले त्याच्याशी! इतकी मोठी माणसं तुम्ही, असं अभद्र बोलतात का?”

“नाई बोलत, मॅडम,” रामराव म्हणाले. गाल ओले झाले होते आणि तोंडभर हसू होतं. “अजून बोला. रागवा तुमी.”

“काय?”

“काही नाई. तुमी बोला.”

देशादेशांनी महिनोन्महिने बोलणी केली होती. रामरावांनी ती गोठ्यात उभं राहून खाल्ली, आणि इतकी गोड बोलणी त्यांनी उभ्या जन्मात खाल्ली नव्हती. इंदूबाईंनी फोनला कान लावला होता. ‘ऋतिकसुद्धा’ हे ऐकलं आणि त्या गव्हाणीच्या काठावरच बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वेचणीच्या बाया वावराकडे निघाल्या असताना, फोन वाजला. “बाबा, मुंबईले उतरलो,” ऋतिक म्हणाला. रामरावांना पुष्कळ विचारायचं होतं. “बाबा? आवाज येऊन राह्यला का?” पलीकडून पोरगा विचारत राहिला, आणि कधीही गप्प न बसणारा हा माणूस फोन छातीशी धरून अंगणात मोठ्यानं रडू लागला. वेचणीच्या बायांनी डोक्यावरची गाठोडी खाली ठेवली. शेवटी इंदूबाईंनी फोन ओढून घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, की काही खाल्लंस का.

नागपूरवरून गाडीनं तो घरी आला तेव्हा गावच्या वेशीपासून माणसं उभी होती. इंदूबाईंनी त्याला उंबऱ्यावर थांबवलं, भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून लांब टाकलं, आणि मग दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपून पाहिलं. वाळला होता. दाढी वाढली होती. पण तोच होता, सगळाच्या सगळा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला.

तिकडे आखाड्यात जोर चढला होता. कर्नल सांगत होते की आमच्या गर्जनेला घाबरून सोडलं. बारीक आवाजाचे गृहस्थ सांगत होते की बोलण्यानं सुटले. निवेदक सांगत होता की हा आमच्या कार्यक्रमाचा परिणाम. फकिरानं ऋतिकलाच विचारलं, खरं काय ते तूच सांग. “मले काय मालूम?” ऋतिक म्हणाला. “आमी त इंजिनखोलीत होतो.”

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर तिघं जेवायला बसले. ऋतिक हळूहळू सांगू लागला. जेवण बरं द्यायचे. मारझोड नाही केली. पहाऱ्यावर एक पोरगा असायचा, त्याच्याहूनही लहान, बंदूक त्याच्या खांद्याला मोठी व्हायची. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघं बोलायचे.

“त्याच्या फोनवर आपला आखाडा येऊन पोचे,” ऋतिक म्हणाला. “आपले कर्नलसाहेब. भाषा नाई समजे त्याले, पण ओरडणं समजे. मले फोन दाखवून विचारे, आज रात्री येते का तुमची फौज? मी म्हणो, अबे, हा रोजच ओरडते. तरी तो भेवून जाय. त्याच्या मायचा रोज फोन ये. ते बिचारी रडे, म्हणे सोड ते जहाज, घरी ये. हा कसा सोडन? ड्युटी होती त्याची.”

रामरावांचा घास हातातच राहिला. फकिराच्या बाकावर बसून इतकी वर्षं ज्यांना ठोका म्हटलं, त्यांच्यात एखादी बाई फोन धरून रडत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी वरणात भाकरी कुस्करली.

इंदूबाईंचा हात भाकरीच्या टोपलीवर थांबला होता.

“मंग?” त्या म्हणाल्या. “पोचला का तो घरी?”

“व्हय. आमाले विमानात बसवलं अन् त्याईले सुट्टी देली. काल मेसेज आला त्याचा. घरी हावो म्हणे.”

इंदूबाईंनी भाकर मोडली आणि अर्धी ऋतिकच्या ताटात वाढली.

“मंग सुटली म्हणायची त्याची माय बी,” त्या म्हणाल्या.